दरवर्षी बदलणारं झाड

माझ्या शेजाऱ्याने मला फसवलं. मी त्याला फसवलं असं गावात बोललं जातं, कारण त्याच्या घराची किंमत मी घासाघीस करून खाली आणली होती. ते खरं नाही. फसवणारा तो, फसलेला मी, आणि हे मी त्याच्या तोंडावर इतक्यांदा सांगितलंय की आता तो ऐकताना मान डोलावतो.

आयर्लंडातल्या लिमरिकहून पश्चिमेला निघालं आणि मोठा रस्ता सोडून आत वळलं की आमचं घर लागतं. मागे सफरचंदाची बाग आहे. हे घर पूर्वी त्याचं होतं. एकटा माणूस, लग्न केलेलं नाही, एवढं मोठं घर झेपेना म्हणून त्याने ते विकायला काढलं आणि स्वतः रस्त्यापलीकडच्या छोट्या बंगल्यात राहायला गेला. त्याचे पूर्वज जर्मन. तीनेकशे वर्षांपूर्वी ऱ्हाइनच्या काठावरची बरीच कुटुंबं लढायांना आणि उपासमारीला वैतागून बाहेर पडली, त्यातल्या काहींना इथल्या जमीनदारांनी जमिनी कसायला दिल्या. म्हातारा स्वतः पक्का आयरिश आहे, जर्मनचा एक शब्द त्याला येत नाही. पण मला राग आला की मी त्याला जर्मन म्हणतो आणि त्याला राग आला की तो मला व्यापारी म्हणतो.

व्यापारी मी आहेच. माझे वडील मिरजेच्या मंडईत भाजी विकायचे. मी डिप्लोमा केला, इथल्या वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात मशिनं दुरुस्त करायला आलो, आणि साहेबाशी भांडून नोकरी सोडली. मग लिमरिकमध्ये किराणा दुकान टाकलं. ज्वारीच्या पिठापासून कोकमापर्यंत सगळं मिळतं. कुणाच्या मदतीने नाही, माझ्या जिभेच्या जोरावर उभं केलं. भाव करताना मी आजवर हरलेलो नाही. एकदा सोडून.

त्या घराचा सौदा उन्हाळाभर चालला. इथली रीत अशी की मुद्द्याचं कुणी बोलत नाही. मी जायचो, चहा व्हायचा, हवेबद्दल बोलणं व्हायचं, कोण वारलं ते कळायचं, आणि निघताना दारात उभं राहून मी किंमत थोडी खाली ओढायचो. तो हरकत घ्यायचा नाही, हो पण म्हणायचा नाही. शेवटी एकदा अंगणात त्याने हात पुढे केला. मी हात धरला. हात सोडायच्या आधी तो म्हणाला, "एक झाड मात्र आमच्या घराण्याकडे राहील. फळं आम्ही उतरवू. तशी आमच्यात रीत आहे."

आता मंडईत वाढलेल्या माणसाला हे ऐकू कसं आलं, ते समजून घ्या. वजन झालं, पैसे दिले, की गिऱ्हाईक म्हणतं, वर थोडी कोथिंबीर टाक. दोन हिरव्या मिरच्या टाक. भाजीवाल्याने तिथे मागेपुढे केलं तर तो चिल्लर माणूस ठरतो. मला वाटलं, एवढी किंमत खाली आणल्यावर म्हातारा वरची कोथिंबीर मागतोय. शिवाय हिशेब सरळ होता. घराणं म्हणजे हा एकटा. पोर नाही, बाळ नाही, पुतण्या नाही. किती वर्षं उतरवणार फळं? मी उदारपणे म्हणालो, घ्या की.

कोणतं झाड, हे मी विचारलं नाही. माझ्या जागी दुसऱ्या कुठल्या माणसाने ते आधी विचारलं असतं. पण वरच्या कोथिंबिरीची जुडी कुणी निवडून घेत नाही.

पहिल्या शरदात तो शिडी आणि टोपल्या घेऊन आला. मी चहाचा कप घेऊन मागच्या दारात उभा. तो बागेत शिरला आणि मुलगी बघायला आल्यासारखा एकेका झाडापाशी थांबू लागला. मागे जायचा, वर बघायचा, फांदी हातात घेऊन जोखायचा. शेवटी जे झाड टेकू द्यावे लागावेत इतकं लगडलं होतं, त्याला त्याने शिडी लावली. मी म्हटलं, बरं, हे तर हे. आपलं नशीब. संध्याकाळी दारात एक टोपली भरून सफरचंदं ठेवलेली दिसली. न बोलता ठेवून गेला होता. मला ते बरं वाटलं.

दुसऱ्या वर्षी त्या झाडाने विश्रांती घेतली. फळ नावाला. मी मनात हसलो. म्हातारा आला, त्या झाडापाशी थांबलासुद्धा नाही, आणि पलीकडच्या कोपऱ्यातल्या, त्या वर्षी सगळ्यात भरलेल्या झाडाला शिडी लावली.

मी धावत गेलो. तुमचं झाड ते, म्हणालो.

"ते गेल्या वर्षी," तो शिडीवरून म्हणाला. "यंदा हे."

त्या दिवशी मी जे बोललो ते मराठीत बोललो, कारण इंग्रजीत तेवढी सोय नाही. तो वरून ऐकत होता आणि तोडत होता. संध्याकाळी पुन्हा टोपली दारात. माझ्याच झाडाची फळं मलाच भेट. मी ती टोपली लाथेने उडवणार होतो, बायकोने आधीच उचलून आत नेली.

ती टोपली तिला हवीच असायची. ही सफरचंदं खायची नव्हेत, शिजवायची, कैरीसारखी आंबट. बायको त्यांचं लोणचं घालते, मोहरीची डाळ, हिंग, मेथी घालून, आणि दुकानात ते ठेवलं की टिकत नाही. लिक्सलिपच्या चिप कारखान्यातले इंजिनिअर शनिवारी गाडी काढून येतात आणि बरण्या घेऊन जातात. पोर्टलीशच्या हॉस्पिटलमधली एक डॉक्टरीण तर आमच्या लोणच्यावर घरच्यांचा राग काढते, असं तीच सांगते. म्हणजे सगळ्यात भरलेलं झाड दरवर्षी हातचं जाणं ही काही गंमत नव्हती.

मी सगळं करून पाहिलं. एका वर्षी तो यायच्या आधीच भरलेलं झाड उतरवून टाकलं. तो शांतपणे म्हणाला, काही हरकत नाही, उशिरा पिकणारं एक आहे, थांबतो. एका वर्षी छाटणी अशी केली की सगळी झाडं सारखी भरावीत. सगळी सारखी रोडावली. गावात ही गोष्ट पसरली. पबमध्ये लोक मला विचारायचे, काय, यंदा कोणतं? माझी मुलगी इथेच वाढलेली, आमचं सगळं ऐकते आणि उत्तर इंग्रजीत देते. ती म्हणायची, "डॅड, ही'ज ग्रँड. लीव्ह इट." घरातली सगळी माणसं त्याच्या बाजूची. बायको त्याला काका म्हणते. रविवारी तो आमच्याकडे जेवायला असतो, पोळीत लोणचं गुंडाळून खातो, आणि मी भांडत असलो तरी ताटावरून उठत नाही.

मग गेल्या उन्हाळ्यात अमेरिकन बाई आली.

भाड्याची गाडी फाटकासमोर आडवी लावून ती घराचे फोटो काढत होती. सत्तरीची, उंच, शेतात राबलेले हात. मला वाटलं गिऱ्हाईक आहे, आणि तिने तोंड उघडायच्या आत मी मनात घराची किंमत वाढवली. तिला घर नको होतं. तिला आपली माणसं हवी होती.

आयोवातल्या शेतावर तिचा जन्म गेलेला. आजूबाजूला सगळी जर्मन घरं, त्यामुळे आपलेही लोक जर्मनीतून थेट आले असं ती धरून चालली होती. नवरा गेल्यावर ती जर्मनीत जाऊन गावं शोधत फिरली. कुणी ओळख दाखवली नाही. मग तिच्या लक्षात आलं की शेजारच्या जर्मन घरांत राईचा पाव व्हायचा आणि तिची आजी मात्र सोडा घालून, लोखंडी भांड्यात, झाकणावर निखारे ठेवून पाव करायची. तो आयर्लंडचा पाव. मग कुणीतरी तिला सांगितलं की ऱ्हाइनकडचे काही लोक आधी लिमरिकला थांबले आणि मग त्यांची पोरं पुढे अमेरिकेला गेली. ती निघाली. इथे आल्यावर एका आडनावाची चार घराणी निघाली, प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं, कागद अर्धे. उद्या तिचं परतीचं विमान होतं. तिच्या बाजूचं मोठं माणूस आता एकही उरलं नव्हतं. ज्याच्याबरोबर एका टेबलावर बसून म्हणता येईल की हा आमच्यातला, असा एक जिवंत माणूस तिला हवा होता. बस्स एवढंच.

मी म्हटलं, रस्त्यापलीकडे जा.

तिकडे ती आधीच दोनदा जाऊन आली होती. म्हाताऱ्याने तिला फाटकाबाहेरच ठेवलं होतं. दर उन्हाळ्याला अमेरिकेतून कुणीतरी येतं, त्याच्या दगडी भिंतीला हात लावून रडतं, आणि नाताळला साधं कार्डही पाठवत नाही, असं त्याचं म्हणणं. रक्ताच्या नात्याची डीएनए तपासणी करायला नळीत थुंकाल का, असं तिने नम्रपणे विचारलं, तर म्हणाला, "मी या गावात कुणाला फुकट काही दिलेलं नाही. थुंकीही देणार नाही."

हे ऐकून मला त्याचा राग आला आणि माझा उत्साह वाढला. त्याच्याबद्दल तक्रार असलेलं आणखी एक माणूस मिळालं होतं. दिवस रविवारचा होता. बायकोने बाईला हात धरून आत आणलं, तिला मावशी म्हणत बसवलं. म्हाताऱ्याला यायचंच होतं. तो आला, तिला पाहून दारात घुटमळला, पण वांग्याच्या भरताचा वास येत होता. बसला. तिच्याकडे न पाहता जेवू लागला.

टेबलावर कुणी बोलेना. बाई डोळे खाली घालून पोळीचे तुकडे करत होती. मला शांतता सोसत नाही. मी तिला म्हटलं, हा माणूस तुमच्याशी कसा वागला हे कळलं, आता माझ्याशी कसा वागला ते ऐका. आणि सगळं सांगितलं. सौदा, हातात हात, वरची कोथिंबीर, शिडी, गेल्या वर्षी ते, यंदा हे. सांगता सांगता मी तापलो, डाव हातात घेऊन उभाच राहिलो. म्हातारा भरत वाढून घेत होता.

बाईने काटा खाली ठेवला. मला वाटलं तिला माझी दया आली. ती हसत होती. आधी आवाज न करता, मग खांदे हलायला लागले, मग तिने रुमाल डोळ्यांना लावला.

तिच्या आजोबांनी ओढ्याकडची जमीन शेजारच्या शेतकऱ्याला विकली तेव्हा नाशपातीचं एक झाड मागून घेतलं होतं. कोणतं ते सांगितलं नाही. दर शरदात ते जायचे आणि निवडायचे. तो शेतकरी त्यांच्यावर आयुष्यभर ओरडला. तिच्या वडिलांनी उरलेल्यातला एक तुकडा विकला, तेव्हा त्यांनीही तेच केलं. आणि नवरा गेल्यावर शेवटचं शेत त्या शेतकऱ्याच्याच पणतूला विकताना तिनेही झाड मागून घेतलं होतं. का, ते तिला माहीत नव्हतं. आमच्यात असंच करतात, एवढंच.

"गेल्या शरदात मी निवडलं," ती म्हणाली. "तो पोरगा बिचारा बघतच राहिला."

म्हातारा जेवायचा थांबला होता. मी त्याला इतकी वर्षं जेवताना पाहतोय, मध्येच थांबलेला कधी पाहिला नव्हता. त्याने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं.

"पहिल्या टोपलीचं काय करता?" त्याने विचारलं.

"आम्ही ती जमीन घेणाऱ्याच्या दारात ठेवतो."

"सांगून?"

"नाही. सांगायचं नसतं. ठेवायची आणि निघायचं."

मी डाव टेबलावर आपटला. म्हणालो, नातं तपासायची गरज नाही, नळी फेकून द्या, तुम्ही दोघं एकाच घराण्याचे चोर आहात. बायको म्हणाली, "अहो, चोर काय. कुळाचार आहे हा त्यांचा." आणि तिने म्हाताऱ्याला समजावून सांगितलं की आमच्याकडेही घराणं असंच ओळखतात. कुणाच्या गौरी खड्यांच्या, कुणाच्या मुखवट्यांच्या, कुणाच्या घरी नैवेद्याला घावन, कुणाकडे पुरण. कागद हरवतात, आडनाव बदलतं, पण सासूने सुनेला सांगितलेलं बदलत नाही. म्हातारा तिचं बोलणं ऐकत होता आणि डोळे बाईवरून हलत नव्हते.

मी विचारलं, पण ही रीत आहे तरी कशासाठी? इतक्या वर्षांत हे विचारायचं मला सुचलं नव्हतं, भांडायलाच वेळ पुरत नव्हता.

"जमीन विकली की येणंजाणं संपतं," तो म्हणाला. "भांडण ठेवलं तर टिकतं."

मग तो उठला, बंगल्यावर गेला आणि सफरचंदाच्या दारूची बाटली घेऊन आला. त्याच्याकडे अशी बाटली आहे हे मला माहीत नव्हतं. इतके रविवार माझं अन्न खाल्लं त्याने. त्या दुपारी ती उघडली, आणि नंतर काय काय झालं ते नीट क्रमाने सांगता येणार नाही. मुलीने फोनवर गाणी लावली. बाईने माझ्या बायकोला आजीचा पाव करून दाखवला, निखारे नव्हते म्हणून ओव्हनमध्ये. म्हाताऱ्याने तुकडा तोडला, चावला, म्हणाला मीठ कमी आहे, माझी आई जास्त घालायची. बाई म्हणाली, आमच्याकडे मीठ महाग होतं. यावर दोघं इतके हसले की मलाही हसावं लागलं. गावातलं कुणीतरी रस्त्यावरून जाताना थांबलं, त्यालाही आत घेतलं. म्हातारा ज्याला त्याला सांगत होता, "ही आमच्यातली." पुन्हा पुन्हा तेच. म्हाताऱ्याला इतक्या वर्षांत 'आमच्यातलं' म्हणायला कुणी नव्हतं, हे माझ्या तेव्हा डोक्यात आलं आणि मी त्याचा पेला पुन्हा भरला.

उन्हं उतरताना ते दोघं बागेत गेले. फळं अजून सुपारीएवढीच होती. तो तिला एकेक झाड दाखवत होता, कोणतं आळशी, कोणतं भरवशाचं. मी दारात उभा राहून ऐकत होतो. कोपऱ्यातल्या झाडापाशी तिने खोडावर हात ठेवला, आणि तो म्हणाला, "मी नसलो की तू येत जा. तुझ्यानंतर तुझी नातवंडं."

ती म्हणाली नातवंडं भरपूर आहेत.

मी तडक स्वयंपाकघरात आलो. बायकोला म्हटलं, ऐकलंस? घराणं संपत आलं म्हणून मी त्या झाडाला हो म्हटलं होतं. आता यांचं अख्खं आयोवा येणार शिड्या घेऊन.

बायको भांडी विसळत होती. म्हणाली, "अहो, पण पुरावा कोणी शोधून दिला?"

मुलगी हसत हसत खाली बसली. मला बोलण्यासारखं होतं, पण घरात पाहुणे होते.

बाई दुसऱ्या दिवशी गेली, आणि शरदात परत आली. आता दरवर्षी येणार म्हणते, म्हाताऱ्याकडेच उतरते. या खेपेला दोघं सकाळीच बागेत शिरले आणि कोणतं झाड यावरून त्यांचं आपसात वाजलं. तिचं मत लांबच्या भिंतीकडच्या झाडाला, त्याचं विहिरीजवळच्याला. फांद्या जोखल्या, एकमेकांना अडाणी म्हणाले, आवाज चढले. मी चहाचा कप घेऊन उभा होतो आणि मला वाटलं, भांडता भांडता दिवस मावळेल आणि यंदा तरी दोन्ही झाडं मला राहतील. शेवटी त्यांनी समेट केला. विहिरीजवळचं त्याने उतरवलं आणि भिंतीकडचं तिने.

दोन झाडं. एकाची दोन झाली. संध्याकाळी दारात दोन टोपल्या.

बाईकडून मी आयोवातल्या त्या तरुण शेतकऱ्याचा नंबर घेतलाय. आम्ही व्हिडिओवर बोलतो. भला माणूस आहे, पण भाव करण्यात कच्चा. त्याने झाडांना नंबर ठोकले होते, तरी ती निवडून गेली. मी त्याला छाटणीचा माझा अनुभव सांगितला, त्याने मला त्याच्या पणजोबांच्या ओरडण्याच्या घरात ऐकलेल्या गोष्टी. लोणच्याची बरणी पोस्टाने पाठवली आहे, नाशपातीचं करून बघतो म्हणतो.

आमचं दोघांचं एकमत झालंय. गेल्या तीनशे वर्षांत या घराण्याने कुणाकुणाला जमिनी विकल्या, त्या सगळ्यांच्या वतीने आम्ही विचारतो आहोत. ऱ्हाइनकाठचे आता सापडायचे नाहीत, त्यांना सोडून दिलं. पण लिमरिकचा रस्त्यापलीकडे राहतो आणि आयोवाची सध्या त्याच्याच टेबलावर बसून माझ्या बायकोने केलेला मुरांबा खाते आहे. सौदा एका झाडाचा झाला होता. दुसरं कुणाच्या परवानगीने उतरवलं? दोघांपैकी कुणीही चालेल, पण एकाने उठून रस्ता ओलांडावा आणि माझ्या दारात उभं राहून याचं उत्तर द्यावं. टोपली न आणता.